व्हर्मिक्युलाइट : आकसणारे आणि फुलणारे खनिज

पदार्थ तापविला म्हणजे तो प्रसरण पावतो, हा नियम आपण शाळेतच शिकतो. थंड असताना कड्यातून सहज आरपार जाणारा लोखंडी गोळा तापल्यावर त्याच कड्यावर अडून बसतो, हा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. परंतु हे प्रसरण किती अल्प असते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. एक मीटर लांबीच्या लोखंडी कांबीचे उष्णतामान १०० अंश सेल्सिअसने वाढविले, तर तिची लांबी एक मिलिमीटरहून किंचितच अधिक वाढते. कांब निवाली की ही वाढही नाहीशी होते.

आता या कांबीशेजारी एक निराळा पदार्थ ठेवून पाहू. अभ्रकासारखा दिसणारा, तपकिरी किंवा काळपट रंगाचा, मिलिमीटरभर जाडीचा हा एक खनिजाचा कपटा आहे. सुमारे ९०० अंशांपर्यंत तापलेल्या भट्टीत तो टाकला की काही सेकंदांतच त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि हार्मोनियमचा भाता उघडावा तसा तो एकाच दिशेने लांबत जातो. मूळचा मिलिमीटरभर जाडीचा तुकडा पाहता पाहता एक सेंटिमीटर, क्वचित दोन सेंटिमीटरांहूनही अधिक लांब होतो. त्याचा रंग सोनेरी होतो, वजन घटते आणि तो इतका हलका बनतो की पाण्यावर तरंगतो. निवाल्यावर तो पुन्हा पूर्वस्थितीला येत नाही. या खनिजाचे नाव व्हर्मिक्युलाइट.

हे लोखंडाच्या प्रसरणाचेच मोठे रूप आहे, असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. हेच खनिज सावकाश तापविले आणि त्याच्या अंतरंगाचे क्ष-किरणांनी मापन केले, तर त्याचे थर एकमेकांपासून दूर न जाता जवळ आलेले आढळतात. एकच खनिज, एकच उष्णता. एका रीतीने तापविले तर ते आतून आकसते आणि दुसऱ्या रीतीने तापविले तर अनेक पटींनी फुलते. या कोड्याची उकल कशी झाली आणि तिच्यापासून माणसाने काय मिळविले, हे या लेखात पाहावयाचे आहे.

नावाचा उगम

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मिलबरी नावाचे गाव आहे. तेथे सापडलेल्या या खनिजाचे वर्णन थॉमस वेब यांनी १८२४ साली प्रसिद्ध केले. ज्योतीत धरताच त्याच्या कणांतून वळवळणाऱ्या अळ्या बाहेर पडाव्यात, असा देखावा त्यांना दिसला. त्यावरून लॅटिन भाषेतील अळी या अर्थाच्या शब्दापासून त्यांनी खनिजाचे नाव बनविले. पुढील सुमारे शंभर वर्षे व्हर्मिक्युलाइट हे संग्रहालयातील नवलाईची वस्तू म्हणूनच राहिले. त्याचा उपयोग काय, हे कोणास सुचले नव्हते. आणि ते का फुलते, हे सांगण्याचे साधनही शास्त्रज्ञांच्या हाती नव्हते.

ते साधन विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. स्फटिकावर क्ष-किरण सोडले असता ते ठराविक कोनांतून परावर्तित होतात आणि त्या कोनांवरून स्फटिकातील अणूंच्या थरांमधील अंतर काढता येते, हे १९१२ व १९१३ या वर्षांत सिद्ध झाले. या रीतीने लायनस पॉलिंग यांनी १९३० साली अभ्रकाची रचना उलगडली. १९३४ मध्ये अमेरिकेतील जॉन ग्रूनर यांनी व्हर्मिक्युलाइटची रचना मांडली व पाणी निघून गेल्यावर तिचे थर मिटतात, हेही दाखविले. पुढे ऑस्ट्रेलियातील मॅथिसन व वॉकर यांनी १९५४ साली थरांमधील पाण्याच्या रेणूंची जागा अधिक नेमकेपणाने निश्चित केली.

थरावर थर

व्हर्मिक्युलाइट समजावयाचे तर आधी अभ्रक समजून घ्यावे लागते. अभ्रकाचे पातळ पापुद्रे नखाने सोलता येतात, हे आपण जाणतोच. त्याचा प्रत्येक सूक्ष्म थर हा तीन पदरांचा असतो. वरचा व खालचा पदर सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंच्या जाळीचा असतो. या दोन जाळ्यांच्या मध्ये मॅग्नेशियम, लोह किंवा ॲल्युमिनियम यांच्या अणूंचा पदर दाबून बसविलेला असतो. जाळीतील काही सिलिकॉन अणूंच्या जागी ॲल्युमिनियमचे अणू आलेले असल्यामुळे संपूर्ण थरावर ऋण विद्युद्भार राहतो. दोन थरांच्या मध्ये पोटॅशियमचे धनभारित अणू असतात. ते जाळीच्या खळग्यांत चपखल बसतात आणि वरच्या व खालच्या थरांना घट्ट धरून ठेवतात. या बंधनामुळे अभ्रकाच्या थरांत पाण्याला वाव मिळत नाही.

अशा अभ्रकाचा खडक भूपृष्ठाजवळ आला, त्याच्या फटींतून पावसाचे व भूजलाचे पाणी दीर्घकाळ झिरपत राहिले, की एक संथ बदल घडू लागतो. अभ्रकातील लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन थरांवरील ऋणभार काहीसा कमी होतो. पोटॅशियमची पकड सैल होते आणि ते पाण्याबरोबर वाहून जाते. त्याच्या जागी बहुधा मॅग्नेशियम येते, परंतु ते एकटे येत नाही. मॅग्नेशियमच्या अणूला पाण्याचे फार आकर्षण असते; प्रत्येक अणू आपल्याभोवती पाण्याचे सहा रेणू जमवून बसतो, तीन वरच्या थराच्या बाजूला आणि तीन खालच्या. अशा रीतीने दोन थरांच्या मध्ये पाण्याच्या दोन पातळ चादरी अंथरल्या जातात. हाच व्हर्मिक्युलाइट होय.

थरांचे अंतर मोजण्यासाठी अँगस्ट्रॉम हे माप वापरतात. एका सेंटिमीटरचे दहा कोटी समान भाग केले, तर त्यांपैकी एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. अभ्रकात एका थराच्या तळापासून दुसऱ्याच्या तळापर्यंतचे अंतर सुमारे १० अँगस्ट्रॉम असते. व्हर्मिक्युलाइटमध्ये ते सुमारे १४.४ भरते. मिलिमीटरभर जाडीच्या कपट्यात असे जवळजवळ सात लाख थर एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक दोन थरांच्या मध्ये पाणी असते. पूर्ण पाणी धरलेल्या शुद्ध खनिजात हे पाणी वजनाच्या शेकडा १५ च्या आसपास असते. हाताला कोरडा लागणारा हा दगड आपल्या वजनाचा जवळजवळ सातवा भाग पाणी पोटात बाळगून असतो.

याच घराण्यातील एक खनिज दख्खनच्या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहे. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे तेच. त्याच्या थरांवरील भार व्हर्मिक्युलाइटहून कमी असल्यामुळे पाणी थरांत मोकळेपणाने शिरते. म्हणूनच पावसाळ्यात काळी जमीन फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अभ्रकाची पकड घट्ट, माँटमोरिलोनाइटची सैल, आणि व्हर्मिक्युलाइटची या दोहोंच्या मधली. काळी माती पाणी आत आल्याने फुगते. व्हर्मिक्युलाइट मात्र पाणी बाहेर पडताना फुलते, हा दोहोंमधील भेद ध्यानात ठेवावा.

सावकाश तापविले असता

समजा, व्हर्मिक्युलाइटचा तुकडा आपण अगदी मंद गतीने तापवीत गेलो आणि मधूनमधून क्ष-किरणांनी त्याच्या थरांचे अंतर मोजीत राहिलो. प्रथम मॅग्नेशियमशी घट्ट बांधलेले नसलेले पाणी निघून जाते. थरांचे अंतर १४.४ वरून सुमारे १३.८ अँगस्ट्रॉमवर येते. आणखी तापविल्यावर पाण्याच्या दोन चादरींपैकी एक नाहीशी होते आणि अंतर एकदम ११.६ च्या जवळ उतरते. शेवटी दुसरी चादरही जाते व थर एकमेकांवर टेकतात. आता अंतर उरते अवघे ९ अँगस्ट्रॉम. हा बदल उताराने घसरल्यासारखा होत नाही, तर जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा होतो. कारण थरांच्या मध्ये पाण्याच्या दोन चादरी राहू शकतात, एक राहू शकते किंवा एकही राहत नाही. मॅग्नेशियमला चिकटलेले अखेरचे पाणी मात्र फार चिवट असते. ते पुरते घालविण्यास उष्णतामान ५०० अंशांच्या आसपास न्यावे लागते.

गणित केले, तर १४.४ चे ९ होणे म्हणजे मिलिमीटरभर जाडीचा कपटा मिलिमीटरच्या दोन तृतीयांशाहूनही कमी जाडीचा होणे. याचा अर्थ असा की सावकाश तापविलेले व्हर्मिक्युलाइट फुलत तर नाहीच, उलट मिटते.

या मिटलेल्या खनिजाची एक लकब लक्षात घेण्याजोगी आहे. ते ५०० ते ५५० अंशांच्या पुढे गेलेले नसेल आणि निवाल्यावर दमट हवेत ठेवले, तर हवेतील बाष्प शोषून पायरी पायरीने पुन्हा वर चढते. थर उघडतात आणि खनिज पूर्ववत होते. पण ७०० अंशांपर्यंत तापविल्यावर हे परतीचे दार बंद होते. तेथे दुसऱ्या प्रकारचे पाणी बाहेर पडू लागलेले असते. खनिजाच्या मधल्या पदरात ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या असतात. त्यांना हायड्रॉक्सिल म्हणतात. उष्णतामान चढले म्हणजे दोन जोड्या मिळून पाण्याचा एक रेणू तयार होतो आणि निसटतो. पहिले पाणी हे घरात उतरलेल्या पाहुण्यासारखे होते. हे पाणी घराच्या भिंतीतील चिऱ्यांसारखे आहे. ते गेले की घराची घडण बदलते. आणखी तापवीत गेल्यास जुनी रचना मोडून एन्स्टॅटाइटसारखी निर्जल खनिजे तयार होतात, आणि सुमारे १,३०० अंशांच्या परिसरात पदार्थ वितळू लागतो.

एकदम तापविले असता

मग फुलणे कोठून आले? त्याचे उत्तर उष्णतेच्या वेगात आहे. तुकडा एकदम प्रखर भट्टीत पडला की त्यातील सर्व पाण्याची क्षणार्धात वाफ होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे १०० अंशांवरच तिचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट होते. एक घन सेंटिमीटर शुद्ध व्हर्मिक्युलाइट घेतले, तर त्यातील पाण्यापासून अर्ध्या लिटरहून अधिक वाफ निर्माण होईल. ही सारी वाफ त्या इवल्याशा तुकड्याच्या थरांत कोंडलेली असते.

ती कडेने निघून का जात नाही, असे कोणी विचारील. तिच्या मार्गाचे प्रमाण पाहिले म्हणजे शंका फिटते. दोन थरांमधील फट सुमारे ५ अँगस्ट्रॉम उंचीची असते. तुकडा ५ मिलिमीटर रुंद असेल, तर मध्यभागातील वाफेला कडेपर्यंत अडीच मिलिमीटर प्रवास करावा लागतो. हे चित्र मोठे करून फटीची उंची एक मीटर मानली, तर बाहेर पडण्याचा मार्ग ५,००० किलोमीटर लांबीचा होतो. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या अंतराहूनही अधिक. सावकाश तापविताना पाण्याचे रेणू हा मार्ग एकामागून एक आक्रमू शकतात. एकदम तापविल्यावर त्यांना तेवढा अवधी मिळत नाही. दाब वाढतो, आणि जेथे थरांची पकड दुबळी असेल तेथे वाफ त्यांना दूर ढकलते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वाफ सातही लाख थरांना सुटे करीत नाही. शेकडो व हजारो थरांचे जुडगे एकत्रच राहतात. वाफ ठिकठिकाणी या जुडग्यांच्या मध्ये मोठमोठ्या पोकळ्या पाडते. जुडग्याच्या आत मात्र पाणी गेल्यामुळे थर जवळच आलेले असतात. फुललेला तुकडा क्ष-किरणांनी तपासला असता थरांमधील अंतर घटलेलेच दिसते, ते यामुळेच. डोळ्यांना दिसणारे फुलणे आणि क्ष-किरणांना दिसणारे आकसणे या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही एकाच पाण्याच्या निघून जाण्याने घडतात. पाणी हळूहळू गेले तर ते मागे केवळ मिटलेले थर सोडते. घाईने गेले तर जाता जाता दगड उकलून टाकते.

आपल्या स्वयंपाकघरात याचा नमुना आहेच. ज्वारीच्या लाह्या करावयाच्या तर कढई चांगली तापलेली असावी लागते. दाण्यातील ओलाव्याची एकदम वाफ होते आणि दाणा फुटून फुलतो. तोच दाणा मंद आचेवर बराच वेळ ठेवला, तर ओलावा हळूहळू निघून जातो. दाणा वाळतो, करपतो, पण फुलत नाही. व्हर्मिक्युलाइटही आधी सावकाश तापवून कोरडे केले आणि मग भट्टीत टाकले, तर ते पुष्कळच कमी फुलते. तसेच बारीक दळलेले खनिज मोठ्या कपट्यांइतके फुलत नाही, कारण लहान कणातून वाफेला कडेपर्यंतचा मार्ग जवळ पडतो.

फुलविण्याचे काम खरोखर वायूच्या दाबाचे आहे, उष्णतेचे नव्हे, याचा आणखी एक पुरावा आहे. व्हर्मिक्युलाइटचे तुकडे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या तीव्र द्रावात बुडवून ठेवले, तर भट्टीवाचूनही ते फुलतात. हे द्रव्य थरांच्या मध्ये शिरते, तेथे विघटन पावते आणि ऑक्सिजन वायू मोकळा होतो. थर उघडण्याचे काम येथे ऑक्सिजन करतो; भट्टीत ते वाफ करते. उष्णता ही केवळ वायू निर्माण करण्याचे साधन होय.

शुद्धाहून मिश्र सरस

ही उपपत्ती सरळ मानली, तर ज्या खनिजात पाणी अधिक ते अधिक फुलावे. प्रत्यक्षात तसे होत नाही. अगदी शुद्ध व्हर्मिक्युलाइट पुष्कळदा बेताचेच फुलते. उत्तम फुलणारी जी बाजारी खनिजे आहेत, त्यांची क्ष-किरण तपासणी केली असता ती बहुधा मिश्र निघतात. अभ्रकाचे काही थर पूर्णपणे बदललेले, काही न बदललेले, काही अर्धवट, अशी त्यांची घडण असते.

असे का व्हावे, याविषयी स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील स्टीफन हिलियर व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली एक समाधानकारक स्पष्टीकरण मांडले. अशा मिश्र कणात अभ्रक व व्हर्मिक्युलाइट यांचे भाग केवळ एकावर एक नसतात, तर फरशीच्या तुकड्यांप्रमाणे शेजारी शेजारीही असतात. पाणी धरलेला भाग आणि पाणी नसलेला भाग जेथे भेटतात, तेथे जणू भिंत उभी राहते. वाफ कडेकडे जाऊ लागली की ही भिंत तिला अडविते. मार्ग बंद झाल्यामुळे दाब साचतो आणि कण जोराने उकलतो. शुद्ध खनिजात अशा भिंती नसल्यामुळे वाफ तुलनेने सहज निसटते. तात्पर्य, पाणी किती आहे यापेक्षा त्याला बाहेर पडण्याची वाट कशी आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. खाणीतील दोन नमुन्यांचे पाणी सारखे भरले तरी त्यांचे फुलणे सारखे असेलच असे नाही, हे उद्योजकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

खाणीपासून भट्टीपर्यंत

व्हर्मिक्युलाइटचे मोठे साठे मॅग्नेशियमने समृद्ध अशा अग्निज खडकांच्या सान्निध्यात सापडतात. दक्षिण आफ्रिकेतील फालाबोर्वा येथील साठा जगातील प्रमुख साठ्यांपैकी एक आहे. तेथील मूळ खडक सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पृष्ठभागाजवळ व्हर्मिक्युलाइट आढळते आणि खोलवर जावे तसतसे त्याची जागा मूळ अभ्रक घेऊ लागते. झिरपणाऱ्या पाण्याची मजल जेथवर पोचली, तेथवरच हे रूपांतर झाले. भारतात तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातील सेवत्तूर येथे अशाच प्रकारच्या प्राचीन खडकांत व्हर्मिक्युलाइट मिळते. तेथे राज्य सरकारच्या खनिज महामंडळाने खाणकाम केले आहे. आंध्र प्रदेशात अभ्रकासाठी प्रसिद्ध असलेल्या नेल्लूरच्या परिसरातही ते आढळते.

खाणीतून निघालेले खनिज वाळवून, इतर दगडांपासून वेगळे करून, चाळणीने आकाराप्रमाणे निवडतात. वाळविताना ते फार तापवून चालत नाही, कारण फुलण्यास लागणारे पाणीच निघून जाईल. नंतर ते ८०० ते १,१०० अंशांच्या भट्टीतून काही सेकंदांत पार करतात. अधिक वेळ ठेवल्यास मधल्या पदरातील पाणीही जाते आणि माल ठिसूळ होतो. उष्णता प्रखर हवी, परंतु सहवास क्षणाचा हवा, ही या धंद्यातील कसोटी आहे.

कच्च्या खनिजाचा एक घनमीटर ढीग साधारणतः ६०० ते १,१०० किलोग्रॅम भरतो. फुललेल्या मालाचा तेवढाच ढीग ६० ते १६० किलोग्रॅम. म्हणजे त्याचा बहुतेक भाग हवाच असतो. पापुद्र्यांच्या आड अडकलेल्या या हवेमुळे उष्णता त्यातून फार मंद गतीने जाते. साध्या विटेच्या मानाने सुमारे एक दशांश इतकीच. शिवाय हा पदार्थ जळत नाही. म्हणून छपरावरील उष्णतारोधक थर, हलके काँक्रीट, पोलादी खांबांना आगीपासून वाचविणारा गिलावा, भट्ट्यांचे अस्तर अशा कामी तो वापरतात. सांडलेली द्रव्ये टिपण्यास व नाजूक वस्तूंच्या वेष्टणातही त्याचा उपयोग होतो.

रोपवाटिकेत हाच पदार्थ निराळ्या गुणांमुळे उपयोगी पडतो. त्याच्या घड्यांत पाणी व हवा दोन्ही राहतात, त्यामुळे कोवळ्या मुळांना ओलावा मिळूनही त्यांचा श्वास कोंडत नाही. थरांवरील ऋणभार अंशतः टिकून असल्यामुळे पोटॅशियम व अमोनियम यांसारखी पोषकद्रव्ये त्यावर धरून ठेवली जातात. लक्षावधी वर्षांपूर्वी ज्या पोटॅशियमने अभ्रकाचा निरोप घेतला, त्यालाच हे खनिज पुन्हा जवळ करते, असे म्हणता येईल.

खडकातील सोबती

आतापर्यंत आपण व्हर्मिक्युलाइटचा असा विचार केला की जणू ते एकटेच खडकात राहते. परंतु कोणतेही खनिज खाणीतून एकटे निघत नाही. त्याच्यासोबत त्याच खडकात जन्मलेली इतर खनिजेही येतात. ही सोबत दुर्लक्षित राहिली तर काय घडते, याचे दुःखद उदाहरण अमेरिकेतील मोंटाना राज्यातील लिबी या लहानशा गावाने जगापुढे ठेवले आहे.

लिबीजवळच्या डोंगरातील खनिज उष्णतेने फुलते, हे १९१९ साली एडवर्ड ॲली यांच्या ध्यानात आले. पुढील दशकात तेथे खाण चालू झाली, आणि झोनोलाइट या व्यापारी नावाने तेथील माल घराघरांत जाऊ लागला. एके काळी जगातील व्हर्मिक्युलाइटचा फार मोठा भाग या एकाच खाणीतून येत असे. पण त्या डोंगरात व्हर्मिक्युलाइटच्या शेजारी तंतुमय खनिजेही होती. ट्रेमोलाइट व त्याची भावंडे असलेली ही खनिजे ॲस्बेस्टॉसच्या वर्गात मोडतात. त्यांचे डोळ्यांना न दिसणारे तंतू धुळीबरोबर श्वासात जातात, फुप्फुसांत रुतून बसतात आणि अनेक वर्षांनी, कधी कधी अनेक दशकांनी, फुप्फुसांचा काठिण्यरोग किंवा कर्करोग उद्भवतो. भट्टीतील काही सेकंदांच्या उष्णतेने हे तंतू नाहीसे होत नाहीत. फुललेल्या मालासोबत ते पुढे जातात.

खाणीतील कामगार धूळ श्वासात घेत होतेच. ती त्यांच्या कपड्यांबरोबर घरी गेली आणि त्यांच्या बायकामुलांनाही बाधली. मालाच्या ढिगांवर मुले खेळत असत. खाण १९९० साली बंद झाली. परंतु गावावरील आपत्तीची खरी व्याप्ती १९९९ च्या अखेरीस वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांमुळे देशापुढे आली. तेव्हा सरकारी पर्यावरण संरक्षण खात्याने तपास हाती घेतला. जून २००९ मध्ये तेथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी असल्याचे जाहीर झाले. दूषित स्थळांच्या सफाईविषयीच्या त्या देशाच्या कायद्याखाली अशी घोषणा प्रथमच होत होती. तोवर शेकडो माणसे मृत्युमुखी पडली होती.

व्हर्मिक्युलाइट हे स्वतः ॲस्बेस्टॉस नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात, सुईसारख्या तंतूंचे नव्हेत. दोष फुलणाऱ्या खनिजाचा नव्हता. ज्या विशिष्ट खडकातून ते काढले त्याच्या घडणीचा, आणि त्याहून अधिक त्या घडणीकडे केलेल्या दुर्लक्षाचा होता. प्रत्येक साठ्याचा इतिहास निराळा असतो, म्हणून एका खाणीचा निर्वाळा दुसरीला लागू पडत नाही. प्रत्येक साठ्यातील माल सूक्ष्मदर्शकाने व क्ष-किरणांनी तपासून घेणे, काम करताना धूळ उडू न देणे आणि कामगारांच्या फुप्फुसांची नियमित तपासणी करणे, हे या उद्योगात भट्टीच्या उष्णतामानाइतकेच महत्त्वाचे आहे.

वेब यांनी १८२४ साली ज्योतीत धरलेला तुकडा अळीसारखा वळवळला, तेव्हा ते एक कौतुक होते. त्यामागील कारण समजण्यास थरांची रचना, त्यांतील पाणी, उष्णतेचा वेग आणि वाफेची वाट या चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागल्या. फुलणे पाहण्यास डोळे पुरेसे होते. आकसणे पाहण्यास क्ष-किरण लागले. आणि खनिजाबरोबर लपून आलेले तंतू पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागला. सूक्ष्मदर्शकाने पाहण्यास जेथे उशीर झाला, तेथे त्याची किंमत माणसांनी प्राण देऊन मोजली. पुढे कधी रोपाच्या कुंडीत सोनेरी पापुद्र्यांचे हलके तुकडे दिसले, तर त्यांतील एक बोटांनी अलगद ओला करून पाहावा. त्याच्या घड्या मोजता येतील. मात्र प्रत्येक घडीत मिटून बसलेले सहस्रावधी थर डोळ्यांना दिसणार नाहीत. तेथून गेलेल्या पाण्यानेच या घड्या घातल्या आहेत.